प्राण्यांशी अंतःप्रेरणेने संवाद : सराव कसा करावा

ज्या माणसाचे आयुष्य गोठ्यात गेले आहे तो दावणीपाशी क्षणभर थांबतो, सगळ्या जनावरांवरून नजर फिरवतो आणि एका गाईकडे बोट दाखवून ‘हिचे आज काहीतरी बिनसले आहे’ असे सांगतो. कशावरून, असे विचारले तर त्याला धड उत्तर देता येत नाही. संध्याकाळपर्यंत गाय चाऱ्यावरचे मन काढते आणि ताप असल्याचे कळते. कारण सांगता येण्याआधीच होणाऱ्या या कळण्याला अंतःप्रेरणा म्हणायला हरकत नाही. ती काहींना जन्मतः मिळते आणि इतरांना मिळत नाही, हा समज मात्र बरोबर नाही. ती सरावाने येते, आणि तो सराव घरच्या कुत्र्यावर, मांजरावर किंवा दारच्या गाईवर कसा करावा, हे पुढे सांगितले आहे.

प्राण्यांशी मनाने बोलायला शिकवणारे वर्गही आता निघाले आहेत. शांत बसावे, प्राण्याचे छायाचित्र समोर ठेवावे, मनातल्या मनात प्रश्न विचारावा आणि जे चित्र किंवा जी भावना प्रथम उमटेल तिला प्राण्याचे उत्तर मानावे, अशी त्यांची साधारण रीत असते. यातील शांत बसण्याचा भाग खरोखर उपयोगी आहे आणि या लेखातही तो घेतला आहे. समोर नसलेल्या प्राण्याचे विचार छायाचित्रावरून कळतात, हे मात्र नियंत्रित चाचणीत सिद्ध झालेले नाही, म्हणून तो भाग इथे सोडून दिला आहे. प्राणी समोर असताना त्याच्या अंगावर जे लिहिलेले असते तेच इतके आहे की, ते वाचायला शिकण्यातच पुष्कळ काळ जातो.

हे वाचन किती सूक्ष्म असू शकते, ते बर्लिनमधील एका घोड्याने दाखवून दिले. विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स नावाचा घोडा विसाव्या शतकाच्या आरंभी फार गाजला होता, कारण बेरीज, अपूर्णांक किंवा तारीख यांपैकी काहीही विचारले तरी तो उत्तराच्या आकड्याइतके खुराचे ठोके देत असे. मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये बसलेल्या समितीला त्यात कोणतीही लबाडी सापडली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट यांनी काटेकोर चाचण्या घेतल्या आणि १९०७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, किंवा तो घोड्याला दिसत नसला, तर हान्स चुकत असे. विचारणारा माणूस ठोके मोजताना किंचित पुढे वाकलेला असे आणि योग्य आकडा येताच त्याचे डोके, त्याच्याही नकळत, केसभर वर जाई. हान्स ती हालचाल टिपून थांबत असे.

ही हकिकत बहुधा घोड्याची फजिती म्हणून सांगितली जाते आणि तिथेच संपवली जाते, पण आपल्या कामाचा भाग त्यानंतरचा आहे. फुंग्स्ट यांनी प्रयोगशाळेत स्वतः घोड्याची जागा घेतली. समोरच्या व्यक्तीने मनात आकडा धरायचा आणि फुंग्स्ट यांनी हाताने ठोके देत राहायचे, अशी ती मांडणी होती. बहुतेक व्यक्तींच्या बाबतीत ते नेमक्या ठोक्याला थांबू शकले. म्हणजे जे घोड्याला जमत होते ते माणसालाही लक्ष देऊन शिकता आले. शिवाय हेही उघड झाले की, आपण प्राण्याला वाचत असतो त्याच वेळी तो आपल्याला आपल्याहून बारकाईने वाचत असतो.

अंतःप्रेरणेवर भरवसा केव्हा ठेवावा, या प्रश्नावर डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या परस्परविरोधी मतांच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मिळून एक निबंध लिहिला. अनुभवी अग्निशामक जवान किंवा परिचारिका यांच्या चटकन होणाऱ्या निर्णयांकडे क्लाइन आदराने पाहत, तर काहनेमन यांना अशा निर्णयांतील चुका अधिक दिसत. दोघांचे एकमत ज्यावर झाले ते असे : ज्या क्षेत्रात खुणा नियमाने येतात आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे लवकर व स्पष्ट कळते, तिथेच अंतःप्रेरणा विश्वासार्ह बनू शकते. प्राण्यांच्या बाबतीत पहिली अट निसर्गाने पूर्ण केलेली आहे. दुसरी आपल्याला पूर्ण करावी लागते, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची टाळाटाळ होते.

सरावाची सुरुवात

प्राणी एकच निवडावा. ‘मला सगळ्याच प्राण्यांशी बोलता यावे’ ही इच्छा चांगली असली तरी कुत्र्याच्या शेपटीचा अर्थ मांजराच्या शेपटीला लागू पडत नाही, आणि एकाच वेळी दोघांचा अभ्यास केला तर दोन्हीकडे गोंधळ होतो. रोज भेटणारा, शक्यतो आपल्या घरातला किंवा गोठ्यातला प्राणी घ्यावा. रोज एकाच वेळी, सुमारे पंधरा मिनिटे, त्याच्यापासून थोड्या अंतरावर बसावे. या वेळात त्याला हाक मारू नये, खाऊ देऊ नये, हात लावू नये आणि मोबाइल जवळ ठेवू नये. प्रथम तो आपल्याकडे येऊन काय हवे आहे ते पाहील. काहीच घडत नाही असे दिसल्यावर तो पुन्हा आपल्या उद्योगाला लागेल, आणि खरे पाहणे तिथून सुरू होते.

बसण्यापूर्वी स्वतःचे शरीर सैल करणे आवश्यक आहे, कारण हान्सची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. खांदे वर ओढलेले, जबडा आवळलेला आणि श्वास अर्धवट धरलेला असा माणूस प्राण्याच्या दृष्टीने शिकारीच्या पवित्र्यात असतो. काही श्वास सावकाश सोडावेत, हात मांडीवर मोकळे ठेवावेत आणि नजर एका जागी रोखण्याऐवजी पसरू द्यावी. छायाचित्र घेऊन ध्यान करणाऱ्यांना आपल्याशी प्राणी वेगळे वागू लागल्याचा जो अनुभव येतो, त्याचे बरेचसे श्रेय या शारीरिक शांततेला द्यावे लागेल, असे माझे मत आहे.

सोबत एक वही ठेवावी आणि तिच्या पानावर तीन रकाने आखावेत : ‘दिसले’, ‘वाटले’ आणि ‘घडले’. पहिल्या रकान्यात केवळ शरीराचे वर्णन यावे. ‘रागावला’ हे वर्णन नव्हे. ‘कान मागे गेले, तोंड मिटले, मान ताठ झाली’ हे वर्णन होय. दुसऱ्या रकान्यात आपल्या मनात जे आले ते निःसंकोच लिहावे, मग ते कितीही विचित्र असो, आणि त्यावरून पुढे काय होईल याचा अंदाजही तिथेच नोंदवावा. तिसऱ्या रकान्यात प्रत्यक्ष काय घडले ते लिहावे. दुसरा रकाना तिसऱ्याच्या आधी भरला गेला पाहिजे, एवढा एकच नियम या वहीत कडक आहे. घटना घडून गेल्यावर ‘मला वाटलेच होते’ असे म्हणण्याची माणसाला जी खोड असते, तिला याच एका युक्तीने आळा बसतो. काही आठवड्यांनी वही चाळली की आपले अंदाज कुठे जुळतात आणि कुठे सतत चुकतात, हे आपोआप समोर येते. अनेकांना प्राण्याची भीती ओळखता येते, पण त्याचे दुखणे ओळखता येत नाही. काहींचे याच्या उलट असते.

कुत्रा

कुत्र्याकडे पाहताना लोक प्रथम शेपूट पाहतात आणि ती हलली की कुत्रा खूश आहे असे ठरवतात. शेपूट हलणे म्हणजे केवळ उत्तेजित असणे. ती उत्तेजना मैत्रीची आहे की हल्ल्याची, हे बाकीचे शरीर सांगते. कंबरेपासून सगळे अंग लवत असेल, तोंड सैल उघडे असेल आणि डोळे अर्धवट मिटलेले असतील, तर स्वागत आहे. शेपूट उंच व ताठ असून तिचे फक्त टोक थरथरत असेल, शरीराचे वजन पुढच्या पायांवर आले असेल आणि तोंड घट्ट मिटले असेल, तर तिथून सावकाश बाजूला व्हावे. इटालियन संशोधकांनी २००७ मध्ये असेही दाखवले की, मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपूट स्वतःच्या उजवीकडे अधिक झुकून हलते आणि अनोळखी, दांडगा कुत्रा दिसल्यावर डावीकडे. हा फरक नुसत्या डोळ्यांनी टिपणे कठीण आहे, पण मोबाइलवर चित्रण करून ते संथ गतीने पाहिल्यास सरावासाठी उत्तम आहे.

कुत्र्याची अस्वस्थता प्रथम फार लहान हालचालींतून बाहेर पडते. समोर खाणे नसताना जिभेने नाक चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, तोंड दुसरीकडे वळवणे, पुढचा एक पाय उचलून धरणे, अंग ओले नसताना झाडणे, आणि डोके न वळवता डोळ्यांच्या कडेने पाहिल्यामुळे बुबुळाशेजारी पांढरी कोर दिसणे, या सगळ्यांचा अर्थ ‘मला जरा अंतर हवे आहे’ असाच असतो. घरात लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडते आणि मोठी माणसे कौतुकाने त्यांचे छायाचित्र काढतात, तेव्हा त्या छायाचित्रात कुत्र्याच्या डोळ्यातील ही पांढरी कोर पुष्कळदा स्पष्ट दिसते. मोठ्या माणसांना ती कोर दिसत नाही. मग एके दिवशी कुत्रा गुरगुरतो, त्याला गुरगुरण्याबद्दल मार बसतो, आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. गुरगुरणे हे कुत्र्याचे शेवटचे सभ्य वाक्य आहे. ते बंद करण्याऐवजी ज्यामुळे ते म्हणावे लागले ते थांबवावे.

जवळ जाण्याची पद्धत ठरलेली असावी. समोरून सरळ चालत जाऊ नये, थोडे वळण घेऊन जावे; शरीर तिरके ठेवावे, वरून वाकू नये, डोक्यावर हात नेऊ नये. खाली बसावे आणि कुत्र्याला येऊ द्यावे. तो आला तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला दोनतीन सेकंद खाजवावे आणि हात काढून घ्यावा. हात काढल्यावर तो पुढे सरकला, अंगाला रेलला किंवा त्याने नाकाने हात उचकला, तर त्याला आणखी हवे आहे. तो जागच्या जागी ताठ उभा राहिला किंवा बाजूला झाला, तर नको आहे. हा प्रश्न दिवसातून अनेकदा विचारता येतो, आणि संवाद म्हणून ज्याची सर्वांना ओढ असते तो मुख्यतः इथे घडतो : आपण विचारले, त्याने सांगितले आणि आपण ते ऐकले. आपले ‘नको’ मानले जाते हे ज्या कुत्र्याला ठाऊक असते, तो अधिक वेळा ‘हो’ म्हणतो.

नजरेबाबत एक भेद लक्षात ठेवावा. जपानमधील मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की, कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातही हेच घडते. पण हे ओळखीच्या कुत्र्यापुरते आहे. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे हे त्याच्या लेखी आव्हान असते.

आपल्या गल्लीतील कुत्र्यांना या बाबतीत कमी लेखू नये. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान-संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने रस्त्यावरच्या कुत्र्यांवर दीर्घकाळ काम केले आहे. कोणतेही प्रशिक्षण न मिळालेल्या या कुत्र्यांना माणसाने बोटाने दाखवलेले भांडे ओळखता येते का, याची चाचणी त्यांनी घेतली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जवळ आलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्रे दाखवलेल्या दिशेने गेले. मात्र बरेच कुत्रे जवळ आलेच नाहीत, कारण माणसांविषयीची त्यांची धास्ती मोठी होती. सरावासाठी हाच धडा पुरेसा आहे : प्राण्याला आपले बोलणे कळत नाही असे वाटते तेव्हा तो कदाचित समजण्याआधीच घाबरून दूर राहिलेला असतो. गल्लीतल्या कुत्र्यांचा अभ्यास मात्र दुरूनच, त्यांना हात न लावता करावा.

गाय, बैल आणि म्हैस

गोठ्यातील संवादाला आपल्याकडे स्वतंत्र शब्दसंपदा आहे, आणि तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. गाय ‘पान्हा सोडते’ आणि गाय ‘पान्हा चोरते’ हे शब्दप्रयोग पाहावेत. कासेला हात लागला, वासराने ढुशी दिली किंवा रोजची ओळखीची चाहूल लागली की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन पाझरते आणि साधारण मिनिटभरात दूध उतरू लागते. या संप्रेरकाचा जोर जेमतेम पाचसात मिनिटे टिकतो. त्याच वेळी कुणी आरडाओरडा केला, अनोळखी माणूस आला किंवा काठी उगारली गेली, तर भीतीमुळे स्रवणारे ॲड्रेनालिन ही क्रिया रोखते आणि दूध कासेतच राहते. गाय मुद्दाम काही चोरत नाही. तिच्या भीतीचा हिशेब बादलीत दिसतो, इतकेच. ज्याला गाईशी संवाद किती जमतो हे मोजायचे असेल, त्याला धारेच्या वेळेसारखी दुसरी परीक्षा मिळणार नाही.

गाईला आपल्या भोवतालचा जवळजवळ सगळा परिसर, सुमारे ३३० अंशांत, एकाच वेळी दिसतो. ठीक पाठीमागे मात्र तिला काही दिसत नाही. म्हणून मागून येऊन अचानक हात लावला की अत्यंत गरीब गायही लाथ मारते. ती बुजते ते पुष्कळदा जमिनीवरच्या सावलीला, फडफडणाऱ्या प्लॅस्टिकला किंवा पाण्यावरच्या चकाकीला. अमेरिकेतील टेंपल ग्रँडिन यांनी जनावरे हाताळण्याच्या या अंगाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि दोन गोष्टी स्पष्ट मांडल्या. एक म्हणजे प्रत्येक जनावराभोवती त्याचे असे एक अंतर असते, जे ओलांडले की ते दूर सरकते. माणसाळलेल्या गाईचे हे अंतर शून्य असू शकते, तर रानात चरणाऱ्या गुरांचे बरेच मोठे असते. दुसरी म्हणजे जनावराचा खांदा हा तोलाचा बिंदू असतो : आपण खांद्याच्या मागे उभे राहून त्या अंतरात पाऊल टाकले तर ते पुढे चालते आणि खांद्याच्या पुढे उभे राहिलो तर ते थांबते किंवा मागे सरते. हे एकदा उमगले की शेपटी पिरगाळण्याचे किंवा पराणी टोचण्याचे कारणच उरत नाही. याचा सराव मोकळ्या जागेत, हातात काही न घेता, एकच पाऊल पुढे आणि एकच मागे टाकून करून पाहावा; आपल्या एका पावलाला जनावर कसे उत्तर देते हे पाहण्यात विलक्षण आनंद आहे. खिल्लार जातीचे चपळ आणि तापट बैल ज्यांच्याकडे असतात, त्यांना हे न शिकवताही येते, कारण न येऊन चालत नाही.

गाईच्या शरीरावर पुढील जागा रोज वाचाव्यात. तिचे कान निवांतपणी सैल, थोडे मागे किंवा खाली लोंबलेले असतात. ते सारखे ताठ व एका दिशेला रोखलेले असतील तर ती कशाने तरी सावध झाली आहे. डोळ्यांतील पांढरा भाग अधिक दिसू लागणे हे भीतीचे किंवा उद्विग्नतेचे लक्षण आहे. रवंथ हा तर सर्वांत मोलाचा संदेश आहे. धडधाकट गाय दिवसाकाठी सातआठ तास रवंथ करते आणि प्रत्येक घास साधारण मिनिटभर चघळून गिळते. चारा खाऊन बसलेल्या गाईचे तोंड हलत नसेल, तर बाकी सर्व ठीक दिसले तरी लक्ष ठेवावे आणि ताप मोजावा. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ही तिची साधारण मर्यादा असते. म्हशीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या जनावरांवर उड्या घेते, सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) टाकते. म्हैस, विशेषतः उन्हाळ्यात, यांतले फारसे काही करत नाही. याला ‘मुका माज’ म्हणतात. तो ओळखणारा माणूस दुधात झालेली किंचित घट, वारंवार थोडी थोडी लघवी करणे आणि नेहमीपेक्षा वेगळी अस्वस्थता एवढ्यावरच तो ओळखतो. वहीतील नोंदी सुमारे २१ दिवसांच्या चक्राशी ताडून पाहिल्या की हे कसब बरेच लवकर हाती येते.

स्पर्शासाठी गळ्याखालची पोळी, मान आणि वशिंडाच्या आसपासचा भाग निवडावा, कारण गाई एकमेकींना चाटतात ते मुख्यतः मानेच्या आणि डोक्याच्या भागात. तिथे सावकाश खाजवले की गाय मान लांब करते, कान सोडते आणि डोळे अर्धवट मिटते. कपाळावर थोपटणे किंवा ढकलणे टाळावे. ते तिला झुंजीचे आमंत्रण वाटते, आणि वासरांना तशी सवय लावली तर ती मोठेपणी मारकी होतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करतात, बैलाच्या खांद्याला लोणी किंवा तूप आणि हळद लावून ते चोळतात, आणि ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्याला म्हणतात. विधी वर्षातून एकदाच येतो, परंतु जोखडाने घासलेला खांदा हाताने चाचपणे, सूज किंवा जखम लागते का ते पाहणे आणि त्या वेळी बैल अंग चोरतो का याकडे लक्ष देणे, हे कामाच्या दिवसांत रोज करावे.

मांजर

मांजराबाबत थोडक्यात सांगता येते, कारण त्याच्याशी संवादाचा मुख्य नियम त्याला पुढाकार घेऊ देणे हाच आहे. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की, माणसाने मांजराकडे पाहून डोळे सावकाश बारीक करून मिटले व उघडले, तर मांजरही तसेच करण्याची आणि अनोळखी माणसाच्या हाताजवळ येण्याची शक्यता वाढते. हे आजच करून पाहता येईल. शेपटीचे टोक आपटणे, पाठीची कातडी थरथरणे आणि कान बाजूला वळणे ही ‘पुरे’ची चिन्हे आहेत. मांजराची घशातली घुरघुर केवळ समाधानाची नसते. वेदनेतही मांजर घुरघुरते. दुखणे ओळखण्यासाठी माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यांनी २०१९ मध्ये तयार केलेली पद्धत उपयोगी आहे. तिच्यात कानांची ठेवण, डोळे किती आवळलेले आहेत, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. मांजर निरोगी असताना या पाचही गोष्टी नीट पाहून ठेवाव्यात. नाहीतर आजारपणात तुलना कशाशी करणार?

आवाज

शब्दांपेक्षा त्यांचा सूर महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या, कुत्रे व घोडे हाताळणाऱ्या लोकांचे आवाज नोंदवले, तेव्हा असे दिसले की प्राण्याला हलवण्यासाठी सगळेच जण तुटक, भराभर आणि पुन्हा पुन्हा येणारे आवाज काढतात, तर शांत करण्यासाठी एकच लांब, ओढलेला सूर लावतात. बैलगाडी हाकणाऱ्याचे चुचकारणे आणि थांबवतानाचा लांबलेला हुंकार यांतही हाच फरक आहे. म्हणून प्राणी घाबरलेला असताना ‘काही नाही, काही नाही, काही नाही’ असे घाईघाईने म्हणत राहिल्यास त्याची भीती वाढते. खालच्या पट्टीत, सावकाश आणि कमी बोलावे.

एका कामासाठी एकच हाक ठेवावी आणि ती घरातील सर्वांनी तशीच वापरावी. मोझांबिकमधील याओ लोक मध शोधताना एक ठरावीक थरथरता आवाज काढतात आणि मधदर्शक नावाचा रानपक्षी त्यांना पोळ्यापर्यंत नेतो. क्लेअर स्पॉटिसवुड यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ही हाक वाजवल्यावर पोळे सापडण्याची शक्यता, इतर आवाजांच्या तुलनेत, १७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेली. तो पक्षी पाळलेला नाही आणि त्याला कुणी शिकवलेले नाही; बापाकडून मुलाकडे आलेली हाक पिढ्यान्‌पिढ्या बदलली नाही, एवढेच तिचे सामर्थ्य आहे.

स्वतःची परीक्षा

महिना-दोन महिन्यांनी फुंग्स्ट यांच्या धर्तीवर स्वतःची चाचणी घ्यावी. ‘माझ्या कुत्र्याला फिरायला हा शब्द कळतो’ असे वाटत असेल, तर तो शब्द दुसऱ्या खोलीतून, चपला न घालता, पट्ट्याला हात न लावता आणि नेहमीपेक्षा वेगळ्या वेळी उच्चारावा. तशाच सुरात दुसरा एखादा शब्दही उच्चारून पाहावा. उत्तर कित्येकदा असे मिळते की कुत्र्याला शब्द नव्हे तर आपली खुर्चीतून उठण्याची ढब कळत होती, आणि हे कळणे अधिक नवलाचे आहे. आपल्या अंदाजांची चाचणी घेण्यासाठी घरातील दुसऱ्या कुणाला तरी प्राण्याचे लहान लहान चित्रण करायला सांगावे, प्रत्येक चित्रण मध्येच थांबवून पुढे काय होईल ते लिहावे आणि मग उरलेले पाहावे. जिथे अंदाज वारंवार बरोबर येतो तिथे आता कारण न शोधताही मनाच्या कौलावर विसंबता येईल. जिथे येत नाही तिथे पुन्हा पहिल्या रकान्याकडे वळावे.

काही प्रसंगी अंतःप्रेरणा बाजूला ठेवावी लागते. प्राण्याने खाणे सोडले, तो एकाएकी चिडका किंवा अगदी मलूल झाला, नेहमीच्या जागी शौच करेनासा झाला, तर ‘तो माझ्यावर रुसला आहे’ असा अर्थ न लावता पशुवैद्याकडे न्यावे, आणि वहीतील नोंदी त्यांना दाखवाव्यात. कुत्र्याची लाळ गळू लागली, आवाज बदलला, गिळता येईना किंवा मागचे पाय लुळे पडले, तर जवळ जाऊ नये. तो रेबीज असू शकतो. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यायला जावे. हळद, तेल, चुना यांपैकी काहीही लावू नये.

प्राणी हरवल्यावर दूरवरून त्याचा ठावठिकाणा सांगण्याचा दावा करणाऱ्यांकडे लोक मोठ्या आशेने जातात, आणि त्या अवस्थेत त्यांना दोष देववत नाही; पण शोधाचे पहिले तास त्यात जातात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सापडलेल्या मांजरांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मांजरे निसटल्या जागेपासून ५०० मीटरांच्या आतच मिळाली होती. म्हणून प्रथम आपल्याच इमारतीचे जिने, गच्ची, वाहनतळ, गाड्यांच्या खालची जागा आणि शेजाऱ्यांच्या अडगळीच्या खोल्या पाहाव्यात. वर्दळ कमी झाल्यावर, रात्री उशिरा किंवा पहाटे, बॅटरी घेऊन जावे, कारण अंधारात डोळे चमकतात. नेहमीचीच हाक नेहमीच्याच सुरात मारावी, मग गप्प राहून ऐकावे. घाबरलेले मांजर हाकेला ओ देत नाही, म्हणून तीच जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीही पुन्हा पाहावी.